वेदनेतही विषमता!

अंगदुखीची गोळी कधी घेतली नाही असा कष्टकरी सापडणे कठीण. ऊसतोड मजूर, हमाल, सफाई कामगार, बांधकामावर पाट्या वाहणारी बाई, या सर्वांची रोजी शरीर चालण्यावरच अवलंबून असते. दुखते म्हणून खाडा केला तर मजुरी बुडते. म्हणून दुकानातून गोळी घ्यायची आणि कामाला लागायचे. ती गोळी शरीरात काय करते, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

वेदनाशामकांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला पॅरासिटामॉल. ते मुख्यतः मेंदूच्या पातळीवर काम करते. ताप व वेदना कमी करते, सूज फारशी नाही. मात्रा ओलांडली तर यकृताला घातक ठरते. दुसरा प्रकार आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचा. इजा झालेल्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करते. त्यांनी सूज आणि वेदना वाढते. ही औषधे त्यांची निर्मितीच रोखतात. पण हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतात. म्हणजे उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन जो रोज ही गोळी घेतो, तो आजची मजुरी वाचवताना मूत्रपिंड पणाला लावत असतो. डायक्लोफिनॅकची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम आहे. तो पाळतो कोण?

तिसरा प्रकार अफूपासून मिळणाऱ्या मॉर्फिनचा. ते मेंदू व मज्जारज्जूत वेदनेचा संदेशच अडवते. कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर ते द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच सांगितले. आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. तरीही २०१७ च्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालानुसार भारतात अशा औषधांची जेमतेम ४ टक्के गरज भागत होती. असे का? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे जंजाळ उभे केले आणि शिक्षेच्या धाकाने अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलून ही वाट सोपी केली. पण कायदा बदलला म्हणून डॉक्टरच्या मनातली भीती जात नाही. केरळने सामाजिक सहभागातून ही सेवा रुग्णाच्या घरापर्यंत नेली. मग महाराष्ट्रातील दूरच्या तालुक्यातील रुग्णाने वेदना सोसत मुंबई गाठायची काय?

राज्यघटनेचा अनुच्छेद ४७ येथे वाचला पाहिजे. मादक पदार्थांवर बंदी आणण्यास राज्याला सांगताना त्याने औषधी वापर स्पष्टपणे वगळला आहे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचेही तोच अनुच्छेद सांगतो. तेव्हा नशेचा बाऊ करून मरणपंथावरच्या माणसाला तळमळत ठेवणे घटनेला धरून नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन आणि ते देणारा प्रशिक्षित डॉक्टर हवा. गोळीच्या पाकिटावर धोक्याची सूचना ठळक मराठीत हवी. ही भीक नव्हे, हक्क आहे. तो मागितल्याशिवाय मिळणार नाही.