दोन लाख आहेत, पण मागणार कोण?

जव्हारहून मोखाड्याकडे घाटातून निघालेल्या दुचाकीला रात्री एखादी गाडी उडवते आणि पसार होते. नंबर दिसत नाही, साक्षीदार मिळत नाही. मग घरचे म्हणतात, कुणाकडे मागायची भरपाई?

सरकारकडे. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यू झाल्यास २ लाख, तर गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात; पूर्वी हीच रक्कम २५ हजार आणि साडेबारा हजार होती. अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदाराकडे; मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची.

मागणारेच नाहीत! २०२२ मध्ये देशात अशा अपघातांत ३० हजारांवर माणसे गेली. २०२२-२३ या आर्थिक वर्षात दावे आले अवघे २०५. म्हणूनच जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावले, की महिनाभरात वाहन सापडले नाही तर या भरपाईची माहिती जखमींना किंवा वारसांना लेखी द्या. मजुरीसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबाला हा कागद कुठे गाठणार, हा प्रश्न उरतोच.

जव्हार-मोखाड्यातल्या ग्रामसेवक, पोलीस पाटलांनी हा अर्ज स्वतः भरून घ्यावा. आणि वाचकहो, फिर्याद नोंदवल्याशिवाय घरी परतू नका.