‘सेफ’ लावल्याने यादी सुरक्षित होत नाही

सर्व्हरवरची यादी पानातल्या जावास्क्रिप्टला हवी असली की जॅंगो ही पायथनमधली वेब-चौकट वापरणारे अनेकजण ती सरळ टेम्प्लेटमधल्या स्क्रिप्टमध्ये छापतात. जॅंगो अवतरणचिन्हांच्या जागी एचटीएमएलचे संकेत घालतो, स्क्रिप्ट मोडते, आणि कुणीतरी ‘सेफ’ फिल्टर लावायला सांगतो. पान चालू लागते. हा सल्ला घातक आहे. ‘सेफ’ मजकूर तपासत नाही की बदलत नाही. तो फक्त जॅंगोचा पहारा उठवतो.

यावर उत्तर ठरलेले: यादी आपल्याच डेटाबेसमधली, तिला काय भ्यायचे? पण डेटाबेसमध्ये ती आली कुठून? बहुतेकदा फॉर्ममधून, म्हणजे परक्या माणसाने टाइप केलेली. आणि बिघाडाला वाईट हेतूच लागतो असेही नाही. पायथनच्या यादीत रिकाम्या मूल्याच्या जागी ‘नन’ उमटते. जावास्क्रिप्टला हा शब्द ठाऊकच नाही. लूप फिरवून, प्रत्येक नावाला ‘सेफ’ लावून एकेरी अवतरणे आणि स्वल्पविराम स्वतः जोडणाऱ्यांची गाडी गोव्यातल्या डिसूझांपाशी अडते. हे आडनाव रोमन लिपीत अनेकजण अपॉस्ट्रॉफी घालून लिहितात, आणि जावास्क्रिप्टच्या लेखी मजकूर तिथेच संपतो. माणसाच्या नावाने पान कोलमडावे, हे मला मान्य नाही.

दुसरा पक्ष अधिक जाणता. आधी यादीचे जेसन, म्हणजे जावास्क्रिप्टला वाचता येणारे मजकुराचे रूप, करा, मग ‘सेफ’ लावा, असे तो म्हणतो. अवतरणे आणि ‘नन’ यांचा प्रश्न त्याने सुटतो, हे खरे. पण ब्राउझर आधी एचटीएमएल वाचतो, जावास्क्रिप्ट नंतर. कुणी आपल्या नावात स्क्रिप्ट-टॅग बंद करणारी खूण लिहिली, तर ती अवतरणांत असूनही स्क्रिप्ट तिथे संपते आणि पुढचा त्याचा मजकूर पानाचा भाग होतो. पायथनचा जेसन-एन्कोडर ही खूण जशीच्या तशी जाऊ देतो.

जॅंगोच्या 2.1 आवृत्तीत, 2018 साली, ‘जेसन-स्क्रिप्ट’ हा फिल्टर आला. तो यादीचे जेसन करतो, त्यातले कोनी कंस आणि अँपरसँड युनिकोड-संकेतांत बदलतो आणि सगळे ‘ॲप्लिकेशन/जेसन’ प्रकारच्या स्क्रिप्ट-टॅगमध्ये ठेवतो. हा टॅग ब्राउझर कोड म्हणून चालवत नाही. आपली स्क्रिप्ट त्यातला मजकूर उचलून ‘जेसन-पार्स’ने यादी परत मिळवते. यादी मोठी किंवा सतत बदलणारी असेल तर ती वेगळ्या विनंतीने जरूर मागवा. पान उघडताच लागणाऱ्या थोड्या नावांसाठी सर्व्हरकडे दुसरी फेरी कशाला?

ही नावे पुढे पानावर दाखवतानाही ‘इनर-एचटीएमएल’ नको, ‘टेक्स्ट-कंटेंट’ वापरा. आणि आजच आपल्या टेम्प्लेट उघडून स्क्रिप्टच्या आतला प्रत्येक ‘सेफ’ शोधा, काढून टाका.