लिनक्सचे सोवळे कशासाठी?

‘मुक्त’ म्हणजे फुकट नव्हे. ज्या प्रणालीचा कोड वाचता येतो, बदलता येतो आणि शेजाऱ्यालाही देता येतो, ती मुक्त. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत मात्र वाय-फाय, ग्राफिक्स यांसाठी उत्पादकांचे काही बंदिस्त तुकडे असतात. मुक्ततेचा आग्रह धरणाऱ्या डेबियननेही २०२२ साली मतदान घेऊन असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलेशन संचात घेतले. ट्रिस्क्वेलसारख्या आवृत्त्या ते कटाक्षाने वगळतात.

‘इतके सोवळे कशाला? वाय-फायच चालले नाही, तर मुले शिकणार काय?’ हा आक्षेप रास्त आहे. केरळच्या शाळांनीही डेबियन आणि उबुंटूवर बेतलेल्या प्रणालीवरच मोठा पल्ला गाठला. तेव्हा शाळेच्या प्रत्येक संगणकावर ट्रिस्क्वेल घालावे, असे मी म्हणणार नाही.

पण कसोटीचा दगड कोणी अंगावर मिरवत नाही. सोनाराला मात्र तो लागतोच. बंदिस्तपणाची किंमत आपण मराठी मंडळींनी मोजलेली आहे. युनिकोडपूर्वीच्या खास फाँटमध्ये टंकलेला लेख आज उघडला आणि तो फाँट नसला, की रोमन अक्षरांचा नुसता काला दिसतो.

म्हणून विश्वस्तांना एक सूचना. नवे संगणक घेण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून ट्रिस्क्वेल चालवून पाहावे. पडदा, आवाज, वाय-फाय सुरू झाले, तर उत्पादकाने उद्या हात वर केले तरी त्या यंत्राचे सॉफ्टवेअर इतरांना सांभाळता येईल. ही परीक्षा नववीच्या विद्यार्थ्यांनी घ्यावी. खरेदीही होईल, शिक्षणही.