संकेतस्थळी कोणी येईना

वेबसाइटला ‘संकेतस्थळ’ हा शब्द ज्याने कोणी सुचवला, त्याला माझा दुरूनच नमस्कार. संस्कृत काव्यात संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांनी ठरवून भेटायची जागा. तिथे नायिका नटूनथटून जाते आणि नायक येतच नाही. अशा फसलेल्या नायिकेला ‘विप्रलब्धा’ म्हणतात. (हे ज्ञान आमच्या सौभाग्यवतींचं. त्या संस्कृत घेऊन बी. ए. झाल्या, मी आपला नुसता बी. कॉम.)

माझा भाचा हा आजच्या काळातला विप्रलब्ध नायक आहे. ग्राफिक डिझायनर. नोकरी सोडून त्याने स्वतःचा धंदा मांडला, सहा महिने खपून स्वतःचं संकेतस्थळ सजवलं आणि तेव्हापासून गिऱ्हाइकाची वाट बघत बसला. परवा ताईचा फोन आला, “अरे, तुमच्या बँकेत कुठे चिकटवता येईल का रे याला?” बँकेत चिकटवायला तो काय रेव्हेन्यू स्टँप आहे? पण ताईचा आवाज ओला होता. म्हणून रविवारी चहा घेऊन मी ते संकेतस्थळ उघडलं.

पडदा काळा झाला. मला वाटलं, वीज गेली. मग अंधारातून एक पिवळा ठिपका आला आणि मी माऊस नेईन तिथे डासासारखा मागे लागला. बऱ्याच वेळाने फिक्या राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांत एक वाक्य उमटलं : ‘मी शून्याला आकार देतो.’ आमच्याकडे शून्याला आकार दिला, म्हणजे त्याचा आठ किंवा नऊ केला, तर माणूस सस्पेंड होतो. खाली बावीस चित्रं. त्यात एका विमान कंपनीचं बोधचिन्ह.

“ही कंपनी कुठली रे?” मी फोन करून विचारलं.

“काल्पनिक आहे, मामा.”

“आणि खरी कामं?”

“चकलीच्या भाजणीचं पाकीट केलं होतं एका बाईंचं. पण ते ठेवलं नाही. फार साधं आहे.”

आता माझं स्पष्ट मत ऐका. ही संकेतस्थळं गिऱ्हाइकासाठी नसतातच. ती एका डिझायनरने दुसऱ्या डिझायनरला जळवण्यासाठी काढलेली असतात. आणि दुसरा डिझायनर कितीही जळला तरी काम काही देत नाही!

गिऱ्हाईक म्हणजे कोण? भाजणी विकणाऱ्या बाई. नवा दवाखाना थाटणारा दातांचा डॉक्टर. ही माणसं प्रदर्शन बघायला आलेली नसतात, काळजी घेऊन आलेली असतात. त्यांचे प्रश्न चार : माझ्यासारख्याचं काम हा करतो का? आधी कोणाचं केलं? घेणार किती? देणार कधी? आमच्या स्टेशनाबाहेर एक पेंटर बसायचा. त्याच्या पाटीवर ‘नंबरप्लेट, बोर्ड, बॅनर – अर्जंट मिळेल’ एवढंच होतं. ‘मी पत्र्याला अर्थ देतो’ असं त्याने कधी लिहिलं नाही.

मोठे लोकही हेच करतात. स्टेट बँकेचं ते निळं वर्तुळ आठवा, मधोमध कुलपाच्या भोकासारखी खाच असलेलं. १९७१ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या शेखर कामतांनी ते केलं. पन्नास वर्षं उलटून गेली, तरी अक्षर न वाचता येणारा माणूससुद्धा ते बघून बरोबर दारात येतो. गिऱ्हाइकाला दार सापडलं पाहिजे. भाच्याच्या संकेतस्थळावर दारच सापडत नव्हतं. फोन नंबर नाही, आणि दराच्या जागी ‘चला, गप्पा मारू या’.

“दर लिहिला की लोक पळतात, मामा.”

“पळू देत. खिशात पाचशे असलेल्या माणसाशी आठवडाभर गप्पा मारून तो पळण्यापेक्षा पहिल्या मिनिटाला पळालेला बरा.”

बोलून गेलो आणि जीभ चावली. कारण गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या गणपतीची पत्रिका मी याच भाच्याकडून फुकट करून घेतली होती. वर ‘तुझी जाहिरात होईल’ हेही ऐकवलं होतं. पोराच्या दोन रात्री गेल्या आणि जाहिरात झाली ती फक्त गणपतीची. दर लिहिला नाही की लोक तिथे शून्य वाचतात, आणि सगळ्यात आधी वाचतात ते नातेवाईक.

पुढच्या महिन्यात ठिपका गेला, विमान जमिनीवर उतरलं. सगळ्यात वर भाजणीचं पाकीट आलं : जुनं कसं होतं, नवं कसं आहे, आणि बाईंचे स्वतःचे दोन शब्द. खाली दर, दिवस, ठळक अक्षरांत फोन नंबर.

त्याच सुमारास आमचे हेड कॅशिअर निवृत्त व्हायचे होते. निमंत्रणपत्रिकेसाठी मी हक्काने भाच्याला फोन लावला.

“करतो की, मामा. दर संकेतस्थळावर आहे. अर्धे आगाऊ.”

क्षणभर राग आला. मग निमूटपणे पैसे पाठवले. संकेतस्थळी अखेर कोणीतरी आलं. नायिकेऐवजी टक्कल पडलेला मामा आला, त्याला इलाज नाही.