आड भरला, पोहरा रिकामा

मध्यवर्ती बँकेने व्याजदर उतरविले की लघुउद्योगांचे अरिष्ट टळते, असा समज आपल्याकडे रूढ आहे. २०२० च्या टाळेबंदीत या समजाची कसोटी लागली आणि तो अर्धाच खरा ठरला.

रिझर्व्ह बँक त्या काळात स्वस्थ बसली होती, असे कोणी म्हणणार नाही. रेपो दर तिने २७ मार्च रोजी ५.१५ टक्क्यांवरून ४.४० वर आणि २२ मे रोजी ४ टक्क्यांवर आणला. कर्जाचे हप्ते प्रथम तीन महिने व पुढे ऑगस्टअखेरपर्यंत लांबणीवर टाकण्याची मुभा दिली. परंतु पैसा स्वस्त होणे आणि तो गरजूच्या हाती पडणे, या दोन भिन्न गोष्टी होत. १५ एप्रिल रोजी बँकांचे तब्बल ६.९ लाख कोटी रुपये रिव्हर्स रेपोच्या मार्गाने रिझर्व्ह बँकेकडेच पडून होते. आड काठोकाठ भरला होता. पोहरा मात्र रिकामाच वर येत होता.

याचा सारा दोष बँकांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. त्या ठेवीदारांच्या पैशाच्या विश्वस्त आहेत. इचलकरंजीतील चार मागांच्या धन्याजवळ पुरेसे तारण नसते. त्यात माग थांबलेले आणि व्यापाऱ्याकडील येणे अडकलेले. अशा वेळी व्याज पाऊण टक्क्याने घटले काय अन् न घटले काय, कर्ज मिळणार की नाही, हाच त्याचा प्रश्न असतो. हप्ता पुढे गेला तरी व्याज थांबत नाही, हे तर निराळेच.

कोंडी सैल झाली ती केंद्र सरकारने मे महिन्यात ३ लाख कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांना पूर्ण हमी देऊ केल्यावर. दर घटवून जे साधले नाही, ते जोखीम उचलल्याने साधू लागले. तथापि ही हमी मुख्यतः ज्यांच्या नावे आधीच कर्ज होते, त्यांच्यासाठी होती. बँकेची पायरी कधी न चढलेला छोटा व्यावसायिक तिच्या बाहेरच राहिला.

यावरून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. प्रथमच कर्ज मागणाऱ्या लहान धंद्यासाठी हमीची सुलभ व्यवस्था सुकाळातच उभी केली पाहिजे. आणि पतधोरणाचे यश मोजताना दर किती उतरला याबरोबरच असे किती नवे कर्जदार बँकेच्या वहीत आले, हेही विचारले पाहिजे. संकट दारात आल्यावर पोहऱ्याला दोर शोधण्यात शहाणपण नाही.