गूढाची शाल

काशीस बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला वर्षभरात दोन सवयी हटकून जडतात. एक पानाची आणि दुसरी, जे उमगत नाही त्याला ‘गूढ’ म्हणून हात जोडण्याची. पहिलीविषयी माझी तक्रार नाही. दुसरीविषयी मात्र चार कडू शब्द लिहावेत, असे गेल्या गणेशोत्सवापासून मनात घोळत आहे.

उत्सवातील एका कार्यक्रमासाठी इथल्याच एका तरुण नर्तिकेचे नाव निघाले. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुढे ‘मॉडेल’ म्हणून तासन्‌तास बसून ती आपल्या शिक्षणाचा खर्च भागविते, हे कळताच एका सभासदाने नाक मुरडले. दुसरे गृहस्थ उदार मनाचे. ते म्हणाले, नृत्य ही साधना आहे. तांत्रिकांच्या या नगरीत देह हेच यंत्र. तेव्हा बिदागीची भाषा काढून तिचा अपमान करू नये, शाल-श्रीफळ द्यावे. ठराव एकमताने संमत झाला. त्या एकमतात माझेही मत होते, म्हणून हा लेख.

माझे म्हणणे असे की, नाक मुरडणारे आणि हात जोडणारे हे दोघे एकाच पक्षाचे आहेत. पहिला कलावंताचा देह हीन ठरवितो, दुसरा तो दिव्य ठरवितो. त्या देहाने केलेले कष्ट दोघांनाही दिसत नाहीत.

अस्सी घाटावरील ज्या घरात ॲलिस बोनर या स्विस शिल्पकर्तीने १९३६ पासून १९७८ पर्यंत वास्तव्य केले, ते आपण पाहुण्यांना हौसेने दाखवितो आणि सांगतो की, ही गोरी विदुषी मूर्तींतील गूढ रेषा शोधीत इथे राहिली. परंतु तिला हिंदुस्थानची ओढ लावली ती एका हाडामांसाच्या नर्तकाने, हे कितीजण सांगतात? १९२६ साली झुरिच येथे तिने उदय शंकरांचे नृत्य पाहिले. पुढे त्यांना समोर ठेवून तिने रेखाटने केली, शिल्पे घडविली. उदय शंकर हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी. लंडनच्या रॉयल कॉलेजात चित्रकला शिकले, १९२३ साली ॲना पाव्हलोव्हाबरोबर नाचले आणि तिची मंडळी सोडल्यावर पॅरिसच्या कॅबरेंतून नाचून पोट भरू लागले. आज असा मुलगा आपल्या मंडळाच्या दारी आला, तर आपण त्याला सतरंजीवर तरी बसू देऊ का?

त्या काळचे पॅरिस गूढविद्येला चटावलेले होते. १९०५ साली माता हारी या डच बाईने तेथील गिमे संग्रहालयात शिवपूजेच्या नावाखाली स्वतःच रचलेले नाच केले आणि विद्वानांनीही माना डोलावल्या. १९२३ च्या डिसेंबरात गुर्जिएफ या पंथगुरूने आपल्या शिष्यांकडून ‘पवित्र’ हालचाली शांझेलिझे नाट्यगृहात करवून दाखविल्या. ३ मार्च १९३१ रोजी उदय शंकरांच्या मंडळीचा पहिला प्रयोग झाला, तो याच नाट्यगृहात. प्रेक्षकांना त्यातही पूर्वेचे गूढ दिसले असेल. परंतु पडद्यामागे काय होते? बोनरबाईंनी घातलेला पैसा, १९३० साली हिंदुस्थानभर हिंडून जमविलेली वाद्ये आणि माणसे, पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराळी यांचे संगीत, आणि तालीम. त्यांची सहनर्तकी सिम्की तर फ्रेंच मुलगी. तिच्या रक्तात कोणते तंत्र नि कोणता मंत्र होता? ती जे नाचली ते मेहनतीने नाचली.

कोणी म्हणेल, बोनरबाई स्वतःच तंत्राकडे वळल्या होत्या. खरे आहे. ‘शिल्पप्रकाश’ हा तांत्रिक शिल्पग्रंथ त्यांनी सदाशिव रथ शर्मा यांच्यासह १९६६ साली प्रसिद्ध केला. परंतु त्यापूर्वी वेरूळच्या लेण्यांत बसून मूर्तींची मांडणी वर्तुळे आणि त्रिज्या आखून त्यांनी तपासली होती. तिचे फलित १९६२ च्या ग्रंथात आहे. गूढाकडे त्या कंपास घेऊन गेल्या. आपण शाल घेऊन जातो.

साधनेला पैसा लागत नाही, असे मानणाऱ्यांनी अल्मोडा आठवावे. शंकरन नंबुद्री आणि उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्यासारखे गुरू असलेले उदय शंकरांचे तेथील केंद्र १९४४ साली पैशाअभावी बंद पडले. १९७१ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. सत्तावीस वर्षांनी आलेली ती शालच म्हणायची!

आपण सरकारी माणसे. महागाई भत्त्याचा हप्ता महिनाभर लांबला तर आपली साधना कुठे जाते, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारावे. आपल्या कारकुनीला कोणी दिव्य म्हणत नाही, हे आपले भाग्य. म्हणून तर पहिल्या तारखेला पगार मिळतो.

त्या मुलीने त्या संध्याकाळी पाऊण तास नृत्य केले. शाल घडी करून पिशवीत ठेवली आणि रिक्षाचे भाडे स्वतःच्या पैशाने दिले. मी फाटकाशी उभा होतो.

यंदाच्या सभेत मी ठराव मांडणार आहे: कलावंताचे नाव पत्रिकेवर छापावे, बिदागी आधी ठरवावी आणि पाकीट हाती दिल्यावरच शाल पांघरावी. सूचक मी आहे. अनुमोदक हवा आहे.