दारातून परत गेलेले

काशीगावातल्या रक्तदान शिबिरात एका तरुण कार्यकर्त्यानं मला विचारलं, "एवढं रक्त तपासलं जातं, मग देशात हेपॅटायटिस सी किती, ते यावरूनच कळणार नाही का?"

नाही कळणार. शिबिरात येतो तो धडधाकट माणूस. सुईनं नशा करणाऱ्याला तर आपण दारातूनच परत पाठवतो. म्हणून २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी घेतलेले रक्ताचे नमुने या विषाणूसाठी तपासले गेले. अँटिबॉडी सापडल्या ०.३२ टक्के लोकांत, म्हणजे हजारात साधारण तिघांत.

यातही गोम आहे. अँटिबॉडी म्हणजे आज आजार आहेच असं नाही. लागण झालेल्या दहांपैकी साधारण तिघांच्या शरीरातून विषाणू आपसूक निघून जातो. उलट, तुरुंगातला किंवा फुटपाथवरचा माणूस घरोघरच्या पाहणीत येतच नाही. आणि तुरुंगात तर लागणीचं प्रमाण जास्त.

२०१८पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. बहुतेक रुग्ण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरे होतात. पुढच्या शिबिरात, परत पाठवलेल्यांसाठी एक वेगळं टेबल मांडू या. नाव-गाव न विचारता त्यांना सरकारी तपासणी केंद्राचा पत्ता द्यायचा.